तांबड्या पेशीतला काळा खडा

डहाणू म्हटले की मुंबईकराला चिकू आठवतो. घोलवडचा चिकू, समुद्रकाठची सुरूची बने, एखाद्या इराणी किंवा पारशी बागाईतदाराच्या वाडीत काढलेला शनिवार-रविवार. २०१३ पासून लोकलगाडी थेट डहाणूरोडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून तर ही मंडळी सकाळी जाऊन रात्री घरी परतू लागली. स्टेशनाच्या पूर्वेला काय आहे याची चौकशी मात्र फारसे कुणी करीत नाही. पूर्वेला अहमदाबादचा हमरस्ता आहे, त्याच्या अंगाखांद्यावर तलासरी आहे, आणि दोन्ही तालुक्यांच्या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, धोडिया, दुबळा लोकांचे पाडे आहेत.

माझ्या डोळ्यांपुढे डहाणू म्हटले की काचेची एक चिंचोळी पट्टी येते. तिच्या एका टोकाला रक्ताचा जाड ठिपका, दुसऱ्या टोकाला जिभेच्या आकाराचा पातळ थर. मी प्रयोगशाळेतला माणूस. सरकारी नोकरीतली बरीच वर्षे मी याच भागातून येणाऱ्या पट्ट्यांवर डोळा लावून काढली. पाऊस ओसरला, भात पिवळे पडू लागले, गवतकापणी सुरू झाली, म्हणजे ऐन तुमच्या दिवाळीच्या सुमारास, आमच्या टेबलावर पट्ट्यांचे ढीग लागत. जे.एस.बी. नावाच्या निळ्या-लाल रंगात त्या बुडवायच्या, वाळवायच्या, तेलाचा थेंब टाकायचा आणि शोधायचे. काय शोधायचे? मलेरियाचा जंतू, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. पण जुन्या हाताच्या माणसाला आधी दिसतो तो जंतू नव्हे. त्याच्या पोटातला काळसर-तपकिरी कण दिसतो. तो दिसला की डोळा तिथे थांबतो आणि मग भोवतालचा जंतू ओळखू येतो.

या कणाची हकिकत मोठी मनोरंजक आहे, आणि ती ऐकल्यावाचून या मुलखातल्या दुसऱ्या दुखण्याची हकिकत कळत नाही. म्हणून आधी ती सांगतो.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनाने ठासून भरलेली पिशवी. एकेका पेशीत सुमारे सत्तावीस कोटी रेणू. प्रत्येक रेणूत लोखंडाचे चार अणू, आणि त्या लोखंडाच्या जोरावर प्राणवायूची वाहतूक चालते. मलेरियाचा जंतू या पिशवीत शिरतो तो बसल्या जागी जेवायची सोय म्हणून. निम्म्याहून कितीतरी अधिक हिमोग्लोबिन तो फस्त करतो. पण त्याला हवी असतात प्रथिने. लोखंड असलेला जो भाग उरतो, त्याचे नाव हीम, तो त्याला पचत नाही. इतकेच नव्हे तर मोकळा सुटलेला हीम त्याला विषासारखा मारक असतो. डहाणूच्या बंदरावर बोंबील-पापलेट खाणारा माणूस काटे गिळत नाही, ताटाच्या कडेला लावून ठेवतो. हा जंतूही तसेच करतो. हीमचे दोन-दोन तुकडे एकमेकांना जोडतो, त्या जोड्या एकावर एक रचतो, आणि त्यांचा चक्क स्फटिक बनवतो. मीठ-खडीसाखरेचा असतो तसा, कडा-कोपरे असलेला. विष त्यात बंदिस्त झाले की जंतू निर्धास्त. या स्फटिकाला हिमोझोइन म्हणतात. सूक्ष्मदर्शकात ध्रुवित प्रकाश सोडला तर अंधारात हे कण चमचम करू लागतात. जिवंत पेशीच्या पोटात तयार झालेले ते एक प्रकारचे खनिजच, असे म्हणायला हरकत नाही.

आणि गंमत अशी की माणसाला मलेरियाचा जंतू ठाऊक होण्यापूर्वी दीडशे वर्षांहून अधिक काळ हा खडा ठाऊक होता. १७१७ साली इटलीत लान्सीसीने दलदलीच्या तापाने मेलेल्यांचे अवयव काळवंडलेले असतात अशी नोंद केली. १८४७ साली जर्मनीत मेकेलला एका प्रेताच्या रक्तात आणि प्लीहेत काळे कण दिसले. कण कसले, ते कुणाला सांगता येईना. १८८० च्या नोव्हेंबरात अल्जीरियात लाव्हेरान नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर एका तापकरी शिपायाचे रक्त पाहत असता त्याला ते काळे कण एका जिवंत, हालणाऱ्या प्राण्याच्या पोटात दिसले. तेव्हा कोडे सुटले.

पुढचा अंक आपल्या देशात झाला. रोनाल्ड रॉस हा अलमोड्यास जन्मलेला लष्करी डॉक्टर १८९७ साली सिकंदराबादेस डास फाडून पाहत बसला होता. हुसेन खान नावाच्या रोग्याला चावलेल्या दर डासामागे तो त्याला एक आणा देई! ऑगस्टच्या २० तारखेला ठिपकेदार पंखांच्या एका डासिणीच्या जठराच्या भिंतीत त्याला काही गोल पेशी दिसल्या. डासाच्या अंगात शेकडो तऱ्हेच्या पेशी असतात. याच पेशी मलेरियाच्या, हे त्याने कशावरून ओळखले? त्यांच्या आत तोच ओळखीचा काळा कण होता. माणसाच्या रक्तातला खडा डासाच्या पोटात सापडला, चोरीचा माल दुसऱ्याच्या घरात सापडावा तसा. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही हा खडा नुसता खुणेचा, निरुपद्रवी कचरा आहे अशीच समजूत बराच काळ होती. ती गेल्या काही दशकांत पार बदलली. स्फटिकाची आतली रचना २००० साली उलगडली. क्लोरोक्विनची कडू गोळी, जी तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी नाक दाबून गिळली असेल, ती जंतूला मारते ती या खड्याच्या वाटेनेच. गोळीतले औषध जंतूच्या पोटात साठते आणि स्फटिक रचूच देत नाही. काटे बाजूला ठेवायला ताटाची कडच राहत नाही आणि जंतू आपल्याच जेवणाच्या विषाने मरतो. फाल्सिपेरम जातीच्या जंतूने कालांतराने यावर तोड काढली, औषध पोटाबाहेर फेकायला तो शिकला. म्हणून त्याला आता दुसरी औषधे द्यावी लागतात. व्हायव्हॅक्स जातीला आपल्याकडे क्लोरोक्विन अजून बहुतेक ठिकाणी लागू पडते.

पेशी फुटली की नवे जंतू बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर तो खडाही रक्तात पडतो. पांढऱ्या पेशी इमानाने तो गिळतात. पण त्यांनाही तो पचत नाही. पोटात दगड घेऊन फिरणारा पहारेकरी जसा चोरामागे धावू शकत नाही, तशा या पेशी नंतर आपले काम धड करू शकत नाहीत. खडे प्लीहेत साठतात, अस्थिमज्जेत साठतात, गरोदर बाईच्या वारेत साठतात. पांढऱ्या पेशींत खडे फार दिसू लागले तर दुखणे गंभीर आहे असे समजावे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा त्या वेळचा अंदाज आहे. १९५३ साली डी.डी.टी.ची राष्ट्रीय मोहीम निघाली, १९६५ पर्यंत रोगी लाखभरावर आले, मग ढिलाई झाली आणि १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. हे चढउतार तुम्ही कुठेही वाचाल. ते तपशीलात सांगत बसत नाही. आता पुष्कळ वर्षांनी तो आकडा खरोखर खाली आला आहे आणि आमच्या टेबलावरचे ढीगही लहान झाले. मला सांगायचे आहे ते ढीग लहान झाल्यावर काय दिसू लागले ते.

तलासरीच्या आतल्या अंगाच्या एका पाड्यावरचा मुलगा. वय नऊ-दहा, आश्रमशाळेत शिकणारा. वर्षभरात त्याच्या रक्ताच्या आठ पट्ट्या आल्या होत्या. ताप, अंगदुखी, डोळे पिवळट, पोटात डाव्या बाजूला प्लीहा लागते. सगळी लक्षणे मलेरियाची, आणि आठही पट्ट्यांवर खड्याचा मागमूस नाही. मधल्या काळात ज्याने त्याने त्याला तापाच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, एका शहाण्याने ‘शाळा चुकवायची सोंगं’ असा शेराही दिला. पोराचे दुखणे यायचे ते ठरावीक वेळी: आवणीच्या दिवसांत चिखलाच्या गार पाण्यात उभा राहिला की, नाहीतर उन्हाळ्यात बापाबरोबर वीटभट्टीवर गेला की.

त्याच्या रक्ताचा थेंब आम्ही एका वेगळ्या रसायनात मिसळला, वर पातळ काच ठेवली, कडा बंद केल्या म्हणजे हवा आत जाऊ नये, आणि थांबलो. थोड्या वेळाने त्या गोल, गुबगुबीत पेशी एकेक करून वाकू लागल्या, टोके काढू लागल्या. विळ्यांचा ढीग पडावा तसे दिसत होते.

विळा या मुलखाला नवा नाही. १९४५ साली तलासरीच्या झरी गावातून जे वारल्यांचे आंदोलन पेटले, त्यात पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी ही मागणी होती. पण हा विळा रक्तातला. सिकलसेल म्हणतात तो हाच. १९१० साली शिकागोच्या हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या रक्तात त्याचे पहिले वर्णन केले. १९४९ साली पॉलिंगने दाखवले की दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनाच्या रेणूतच आहे; आणि १९५६ साली इन्ग्रॅमने तो दोष नेमका कुठे ते शोधले. एकशे सेहेचाळीस मण्यांच्या माळेत सहावा मणी बदललेला. एवढेच!

पण एवढ्याने होते काय ते पाहा. प्राणवायू सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि त्यांचा चौदा पेडांचा ताठ दोर वळला जातो. मघाचा खडा परक्या जंतूने बनवलेला आणि लोखंडाचा. हा दोर आपल्याच हिमोग्लोबिनाचा, आपल्याच पेशीत वळलेला. याला खनिज म्हणता येणार नाही, पण पेशीच्या आत पातळ पदार्थ घट्ट होऊन बसतो आणि त्यातून रोग उद्भवतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुढचा भाग प्राणवायूवाचून तळमळतो. ती वेदना ज्याने पाहिली आहे तो तिला सोंग म्हणणार नाही. निरोगी पेशी एकशे वीस दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. गारठा, तहान, अतिश्रम यांनी दोर लवकर वळला जातो. आवणी आणि वीटभट्टी यांचा उलगडा झाला तो असा.

एक नवल तुम्हाला सांगायलाच हवे. फाल्सिपेरमच्या जंतूची एक अवस्था चंद्रकोरीच्या आकाराची असते. शिकाऊ मुले पट्टीवर कोर दिसली की गोंधळतात: ही जंतूची की सिकलसेलची? खूण सोपी आहे. जंतूच्या कोरीच्या पोटात काळे खडे असतात, विळ्याच्या पोटात काहीच नसते.

या दोन कोरींचे नाते मात्र सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. असा घातक दोष पिढ्यान्पिढ्या टिकला कसा? १९४९ साली हाल्डेनने दुसऱ्या एका रक्तरोगाबद्दल, थॅलसेमियाबद्दल, तर्क मांडला की मलेरियाच्या प्रदेशात तो माणसाला वाचवत असावा. हे तेच हाल्डेन, जे १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि इथेच वारले. १९५४ साली ॲलिसनने आफ्रिकेत सिकलसेलविषयी तेच दाखवून दिले. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच बदललेले जनुक आले तर माणूस ‘वाहक’ होतो. त्याला सहसा काही त्रास नाही, आणि फाल्सिपेरमचा जंतू त्याच्या पेशीत शिरला तरी त्याची नीट वाढ होत नाही. पेशी आधीच वाकते आणि प्लीहा तिला उचलून नेते. तापाच्या जंगलात वाहक मूल जगले, शेजारचे गेले. दोन्हीकडून जनुक आलेले मूल मात्र भरडले गेले, आणि मलेरियापासूनही त्याला संरक्षण नाही. उलट त्याला मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो.

आपल्या देशात १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरातल्या जमातींत लेहमन आणि कटबुश यांना सिकलसेल सापडला. १९५६ साली मुंबईच्या सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या आदिवासी जमातींतली त्याची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे माहिती शास्त्रज्ञांकडे सहा-सात दशके होती. पाड्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागला. आणि ‘हा आदिवासींचा रोग’ असे जे सर्रास बोलतात ते मला पटत नाही. हा मलेरियाच्या मुलखाचा ठसा आहे. विदर्भात इतर समाजांतही तो पुष्कळ आढळतो, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे. खुद्द डहाणूच्या बागांतल्या पारशी कुटुंबांच्या समाजात जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची उणीव बरीच आढळते, आणि तिचाही संबंध शास्त्रज्ञ मलेरियाशीच जोडतात. अशा माणसाला प्रायमाक्विन ही मलेरियाची गोळी न तपासता दिली तर तांबड्या पेशी भराभर फुटतात.

आता तिसरा खडा, आणि हा अगदी अस्सल खनिज. आपल्या पेशीत फेरिटिन नावाचा पोकळ गोळा असतो. त्याच्या पोकळीत लोखंडाचे साडेचार हजारांपर्यंत अणू साठवता येतात, आणि ते साठतात ते गंजाच्या जातीच्या बारीक खनिजरूपाने. एरवी ही कोठी सोयीची. पण सिकलसेलच्या काही रोग्यांना वारंवार रक्त चढवावे लागते. एका बाटलीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह आत जाते आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाट नाही. रोज जेमतेम एक मिलिग्रॅम जाते. सबंध देहात मुळात तीन-चार ग्रॅम लोह; म्हणजे पंधरा-वीस बाटल्यांत ते दुप्पट! कोठ्या भरून वाहतात, यकृताच्या आणि हृदयाच्या पेशींत गंजाचे ढिगारे साचतात, आणि ज्या रक्ताने जीव वाचवला तेच हळूहळू अवयव नासवते. हे लोह बांधून बाहेर काढणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. पण पोरगे पांढरे दिसले की लोहाची बाटली पाजायची, ही आपल्या शहरी घरांतलीही सवय. रक्त कमी असणे आणि लोह कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिकलसेलच्या मुलाला लोह द्यायचे की नाही ते तपासूनच ठरवावे. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र त्याला हवीच असते.

त्या मुलाच्या रक्ताची पक्की तपासणी मुंबईहून होऊन आली. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. अशा रोगांचा अभ्यास तिथे अनेक वर्षे चालू आहे आणि गर्भातल्या मुलाची तपासणीही होते. आईबाप दोघेही वाहक निघाले. आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले: हे कुणाच्या अंगातून आले? तिच्या सासूने उत्तर आधीच देऊन ठेवले होते. मी दोन्ही पट्ट्या सासूला सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या, मुलाची आणि सुनेची. एकीतही वाकडी पेशी नसलेला भाग सापडत नव्हता. म्हातारीने बराच वेळ डोळा लावला. काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून घरातले ते बोलणे बंद झाले असे मला नंतर कळले.

दोघेही वाहक असले तर दर खेपेला चारांत एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहकाच्या, एक निखळ निरोगी. दर खेपेला नव्याने. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही बरी निघतील असा हिशेब पुष्कळजण करतात, तो खोटा आहे.

मुलाला हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. या औषधाने गर्भात असतानाचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि त्यामुळे दोर वळायला अडथळा येतो. आपल्या देशातल्या रोग्यांत हे बालपणीचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून आफ्रिकेतल्यापेक्षा इथला रोग पुष्कळदा सौम्य. पुष्कळदा, सर्वदा नव्हे. अमेरिकेत आणि इंग्लंडात २०२३ साली जनुकावर उपाय करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली; त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली: चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंतची मुदत. ‘निर्मूलन’ हा शब्द मला जरा मोठा वाटतो. जनुक काही डासासारखे फवारणीने मरत नाही. पण तपासणी सात कोटींची झाली, तर ‘सोंगं’ म्हणणारे तरी कमी होतील.

त्या मुलाच्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरत होते तेव्हा तिचे वय एकोणीस. ती वाहक निघाली. पाड्यावर दोन मते पडली: एक म्हणे लपवा, दुसरे म्हणे लग्नच नको. दोन्ही सल्ले सारखेच निरुपयोगी. वाहक मुलीने निरोगी मुलाशी लग्न केले तर एकही मूल रोगी होत नाही. तेव्हा पाहायचे ते मुलाचे रक्त. मुलगी हट्टाची निघाली. तिने स्वतः निरोप धाडला आणि मुलगा तलासरीच्या बाजारादिवशी येऊन रक्त देऊन गेला. या चाचणीला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. काचनळीतल्या पाण्यासारख्या द्रावात रक्ताचे थोडे थेंब टाकायचे आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. दोष असला तर द्राव गढुळतो आणि रेघा दिसेनाशा होतात. मुलाच्या नळीतून रेघा स्वच्छ मोजता आल्या.

लग्न चैत्रात झाले. कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता, धवलेरीची गाणी चालू होती. भाऊ आता सोळा वर्षांचा, उंच झालेला, पाण्याची बाटली खांद्याला अडकवून पाहुण्यांत फिरत होता. दर थोड्या वेळाने दोन घोट घेई. त्याच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले की कॅप्सूलची पाकिटे चार दिवसांची उरली आहेत, आणि सोमवारी डहाणूहून कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर तेवढी पाठवून द्या.